आट्यांना भिणारे साडूभाऊ

सुरत शहरात घाबरायला कारणं पुष्कळ आहेत. तापीला पाणी वाढलं की घाबरावं, कापड मार्केटात बंबाची घंटा ऐकू आली की घाबरावं, बायकोची बहीण आठवडाभर राहायला येतेय असा निरोप आला की घाबरावं. पण साध्या लोखंडी नटाला घाबरणारा माणूस या सबंध शहरात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. नट म्हणजे पडद्यावरचा नव्हे, बोल्टावर फिरवतात तो. वाघ समोर आला तर आमचे साडूभाऊ कदाचित त्याला वाट करून देतील, पण ढिला नट दिसला की त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहतात, आवाज बसतो आणि ते जवळच्या माणसाचा दंड घट्ट धरतात. त्यांच्या सहवासात राहून माझ्या उजव्या दंडाला एक कायमचा हुळहुळेपणा आलेला आहे.

त्यांचा धंदाच तसा. लिंबायतमध्ये, जिथं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागांचा खडखडाट चालतो आणि धुळे-नंदुरबारकडची निम्मी गावं शेजारी शेजारी नांदतात, तिथं ते आटे दुरुस्त करतात. बोल्टाच्या अंगावर आणि त्याच्या भोकाच्या आत जी फिरती नक्षी असते, ते आटे. माग रात्रंदिवस हादरतो, नट ढिले होतात, कुणीतरी घाईत वाकडाच बोल्ट घालतो, पान्याला पाइप लावून जोर करतो, आणि आटे चेंगरतात. मग साडूभाऊंना बोलावणं येतं. त्यांच्याकडे चेझर नावाची हत्यारं आहेत. काही नटासारखी दिसणारी, बोल्टावरून फिरवायची. काही बोटासारखी लांबट, भोकात उतरवायची. टॅप आणि डाय धातू कापून नवे आटे पाडतात, म्हणून ते साडूभाऊंना आवडत नाहीत. "कापलं की भोक मोठं होतं," ते म्हणतात, "आणि भोक मोठं झालं की बोल्ट नुसता पाहुण्यासारखा बसतो, कधीही उठून जाईल." चेझर मात्र जुन्याच वाटेनं जातो. वाकलेला आटा सरळ करतो, साचलेला गंज, वाळलेला रंग, लोखंडाचा चुरा उकरून बाहेर आणतो. अर्धा फेरा पुढे, जरासा मागे, तेलाचा थेंब, पुन्हा अर्धा फेरा. हे सगळं ते डोळे मिटून करायचे. माग चालू असताना कान निकामी होतात, म्हणून त्यांनी सगळी अक्कल बोटांत नेऊन ठेवली होती. चेझर सरळ लागला की तिरका, हे त्यांना अंगठ्याला आणि तर्जनीला कळायचं.

इतक्या आतून आटे पाहिलेल्या माणसाला जगाकडे निर्धास्त पाहता येत नाही. तुम्हा-आम्हाला पंखा दिसतो; त्यांना पंखा ज्या एका बोल्टावर लटकतो तो बोल्ट दिसतो. ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, पाहायला ते आले तेव्हाची हकिकत माझ्या सासूबाई अजून पदर तोंडाला लावून सांगतात. मुलगी पोह्यांची बशी घेऊन समोर आली, खाली बसली, आणि मुलगा तिच्याकडे न पाहता सारखा तिच्या डोक्यावर पाहतोय. मंडळींना वाटलं, डोळ्यांत काही दोष असावा. थोड्या वेळानं मुलानं घसा खाकरला आणि होणाऱ्या बायकोशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलला, "तुम्ही जरा इकडे सरकून बसा." ताई सांगतात, "मला वाटलं, माणूस मोठा धीट आहे, चारचौघांत जवळ बोलावतोय. नंतर कळलं की वरचा पंखा डगमगत होता." धीटपणाबद्दलचा ताईंचा हा एकच अंदाज चुकला, बाकी संसार त्यांनी बिनचूक केला.

गावाकडे जाताना एसटी जिथं जिथं थांबेल तिथं तिथं खाली उतरून चाकांचे नट पाहायचे, हा त्यांचा नेम. एकदा नवापूरला ते असेच मागच्या चाकापाशी उकिडवे बसले असताना गाडी निघाली. त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांनीच तपासलेल्या चाकांवरून, ताईंना आणि शिदोरीला घेऊन ती धुळ्याकडे चालती झाली. मागच्या गाडीनं ते पोचले तेव्हा चेहरा पांढराफटक. म्हणाले, "तुमच्या गाडीचं चाक एकदम बरोबर होतं. माझ्या गाडीचं बघायलाच मिळालं नाही. सबंध वाटेत डोळे मिटून बसलो होतो."

माझ्या शेठच्या घरी तर त्यांनी माझी लाजच काढली. मी एका साडीच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. कापडाचा माल रंगवायला कारखान्यात गेला की त्याच्या पाठीमागे धावायचं, रंग जमला का पाहायचं, माल वेळेवर सोडवायचा, हे माझं काम. दिवाळीनंतर साल मुबारक करायला गेलो, तेव्हा साडूभाऊ बरोबर होते. दिवाणखान्यात पितळी कड्यांचा मोठा हिंचको, त्यावर शेठच्या आई सुरती पापडी सोलत झोके घेत बसलेल्या. शेठनं साडूभाऊंना आग्रहानं झोक्यावर बसायला सांगितलं. हे बसेनात. वर पाहतात, म्हातारीकडे पाहतात, पुन्हा वर पाहतात. शेवटी हात जोडून म्हणाले, "बा, तुम्ही नीचे उतरो." म्हातारी हसली. "मारा लगनथी आ हिंचको छे, दीकरा," माझ्या लग्नापासून आहे हा झोका, असं ती म्हणाली आणि पायानं आणखी एक ठोका दिला. मिठाई येऊन जाईपर्यंत साडूभाऊ दोन्ही हात पुढे पसरून, झोक्याबरोबर मागे-पुढे पावलं टाकत, तिला झेलायच्या तयारीत उभे राहिले. शेठला वाटलं, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना मान द्यायची अशी काही पद्धत असावी.

या सगळ्याला आम्ही हसायचो. मी जास्तच हसायचो, कारण भीती संसर्गजन्य असते आणि मला ती लागलेली होती. माझ्या घरातल्या कुकरचं झाकण बायको उघडू लागली की मी दुसऱ्या खोलीत जातो. कपाटावरच्या बॅगा मी खाली काढून ठेवल्या आहेत, कारण कपाट भिंतीला कशानं धरलंय हे मला एकदा साडूभाऊंनी समजावून सांगितलं होतं. माणसानं काही गोष्टी माहीत करून घेऊ नयेत. "तुम्हाला कशाची भीती वाटते नेमकी?" मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "साडू, वरून नट घट्टच दिसतो. आत तो एखाद्याच आट्यावर अडकलेला असतो. वरून काहीच कळत नाही."

घरात त्यांच्या अगदी उलट ताई. भीती हा पदार्थ त्यांनी कधी चाखलेलाच नव्हता. भर रहदारीत हात वर करून त्या चालू लागत, आणि ट्रक थांबत. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम त्या वर्षानुवर्षं करतात. मांडीवर साडी, डाव्या हाताशी गोंद, उजव्या हाताच्या दोन बोटांत मोहरीएवढा चकचकीत खडा. साडूभाऊ काही धोका सांगू लागले की मान वर न करता त्यांचं ठरलेलं अहिराणी उत्तर येई, "काही नही व्हस." काही होत नाही. आणि खरोखरच काही होत नसे. त्यामुळे त्या दोघांचं भांडण कधी निकालात निघालं नाही. पंखा पडत नाही तो तपासल्यामुळे, की तो मुळात पडणारच नव्हता म्हणून, हे सांगणार कोण?

एके दिवशी मला सुरतेबाहेरच्या सचिन गावी जायचं होतं. तिथल्या एका रंगाईच्या कारखान्यात आमचा गुलाबी मालाचा मोठा लॉट मशीनमध्ये चढायचा होता, आणि त्याच मशीनच्या झाकणाचा एक बोल्ट खराब झाल्यामुळे कारखान्यातून साडूभाऊंनाही बोलावणं होतं. मी त्यांना स्कूटरवर मागे घेतलं. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. एरवी पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीबद्दल, उसाच्या ट्रॅक्टरच्या जोडाबद्दल, होर्डिंगच्या खांबाबद्दल त्यांचं समालोचन चालू असायचं. त्यांच्या गप्प बसण्यानंच मला कसंतरी होत होतं.

रंगाईचं ते मशीन म्हणजे एक अवाढव्य बंद भांडं. आत कापड, पाणी आणि रंग. पाणी उकळतं त्याच्याही पलीकडे ते तापवतात, आणि ती सगळी वाफ आतल्या आत कोंडून धरायची असते. धरायला काय, तर एक झाकण आणि त्याच्याभोवती गोलात आवळलेले बोल्ट. मी आयुष्यभर अशा मशीनच्या शेजारून तंबाखू मळत गेलो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा साडूभाऊंच्या शेजारी उभं राहून ते पाहिलं, आणि तंबाखूची पुडी खिशातून बाहेर काढवेना.

त्यांनी बोल्ट तारेच्या ब्रशनं घासला, तेल सोडलं, आटे मोजायच्या पट्टीनं माप पाहिलं आणि चेझर लावला. अर्धा फेरा पुढे, जरासा मागे. काळं तेल आणि चुरा बाहेर येऊ लागला. काम नेहमीसारखंच चाललं होतं. मग त्यांनी चेझर काढून नट हातानं फिरवून पाहिला. थांबले. नट काढला, पुन्हा लावला. पुन्हा काढला. त्यांचे डोळे मिटलेले नव्हते. ते आपल्या बोटांकडे टक लावून पाहत होते, जशी ती दुसऱ्या कुणाची बोटं आहेत. सदरा पाठीला चिकटला होता.

"साडू, तू बघ रे जरा," ते हळूच म्हणाले.

मी बोट लावलं. लोखंड. कोमट, तेलकट लोखंड. "मला काय कळतंय त्यातलं?"

"मलाही नाही कळत," ते म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण साडूभाऊ नटाबद्दल थट्टा करणाऱ्यांतले नव्हेत.

तेवढ्यात रंगाई बघणारा डाइंग मास्टर आला. मोठा कामाचा माणूस, पण त्याच्यामागे दहा शेठांचे फोन. "काका, हो गया ना? चालू कर दूँ?"

"नको," साडूभाऊ म्हणाले. "ये बोल्ट बदली करो."

"बोल्ट कल आएगा. लॉट अंदर है, काका." मास्टरनं पुढे होऊन नट स्वतः फिरवून पाहिला. "मक्खन जैसा तो चल रहा है!"

"सरळ चालतोय का तिरका, ते मला सांगता येत नाही."

"आपको नहीं आएगा तो किसको आएगा?" मास्टर हसला. त्यात कौतुकच होतं. त्यानं नट बसवला, पान्यानं आवळला, बाकीचे आवळले, आणि मशीन चालू झालं.

साडूभाऊ झाकणासमोरून हलले नाहीत. "तू बाहेर जा," त्यांनी मला सांगितलं.

"आणि तुम्ही?"

"मी इथं आहे. तू जा."

मी जायला हवं होतं. जावं अशी माझी मनापासून इच्छाही होती, पण मी तिथंच उभा राहिलो. मशीनच्या अंगावर दाब दाखवणारं एक घड्याळ होतं. त्याचा काटा हळूहळू, अगदी सुस्तपणे वर सरकत होता. आजूबाजूला कामगार आपापल्या कामात होते. एक जण कांदा फोडून भाकरी खात होता. कुठंतरी पाइपातून फस्स झालं आणि माझ्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. कांदा खाणारा माणूस माझ्याकडे पाहून हसला. साडूभाऊंनी माझा दंड धरलेला नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते भ्यालेले असताना त्यांनी कुणालाच धरलेलं नव्हतं. ते एकटक त्या एका नटाकडे पाहत होते, ओठ हलत होते, आणि चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला होता. काटा आणखी वर गेला. झाकणाच्या कडेला पाण्याचा एक थेंब दिसला, की मला भास झाला, कुणास ठाऊक. "तुम्हाला दिसला का?" असं मी विचारणार, तेवढ्यात साडूभाऊ दोन ढांगांत भिंतीपाशी गेले आणि तिथलं मोठं लाल बटण त्यांनी तळव्यानं दाबून टाकलं.

मशीन थांबलं. मग जो गोंधळ झाला तो मी सांगत नाही. परक्याच्या कारखान्यात, परक्याचं मशीन, चालू लॉटमध्ये बंद करणं म्हणजे काय हे मला पुरतं माहीत होतं. मास्टर ओरडत होता, साडूभाऊ हात जोडून एकच वाक्य म्हणत होते, "खोलके देखो, साहेब. एक बार खोलके देखो." मशीन थंड व्हायला, दाब उतरायला बराच वेळ गेला. आम्ही सगळे गोल करून उभे होतो. मास्टरनं पाना लावून नट सैल केला, आणि मग पाना बाजूला ठेवून नुसत्या दोन बोटांनी तो फिरवत फिरवत काढला. सरळ, गुळगुळीत, शेवटपर्यंत. बोल्टाचे आटे नवे पाडल्यासारखे चमकत होते. एकही दुखावलेला नव्हता. काम अगदी चोख झालं होतं.

मास्टरचा राग एकदम ओसरला. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं आत डोकावून कापड पाहिलं. गुलाबी रंग कुठं बसला होता, कुठं नाही. "अब इसको काला करना पडेगा," तो म्हणाला. बिघडलेल्या मालाला शेवटी काळ्यातच घालतात, दुसरा उपाय नसतो. मग साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आप घर जाओ. आराम करो."

फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथं बाकावर बसलो. काचेचे ग्लास आले, वाफाळते. मी माझा ग्लास काठाला दोन बोटांनी धरून, फुंकर मारून, परत खाली ठेवला. साडूभाऊंनी आपला ग्लास सबंध मुठीत धरला होता आणि ते कारखान्याच्या फाटकाकडे पाहत होते. धरूनच बसले. मला आधी काही वाटलं नाही. मग एकदम कळलं, आणि मी त्यांच्या हातातून ग्लास ओढून घेतला. तळवा लाल झाला होता.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"होळीपासून असेल," ते म्हणाले. "आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग टोकं गेली. मी अंदाजानं करायचो. एवढी वर्षं केलंय, हात आपोआप चालतो. पण कळत नाही, साडू. काय घट्ट, काय सैल, काही कळत नाही. सगळंच सैल वाटतं."

"ताईंना सांगितलं?"

त्यांनी मान हलवली. "तिला सांगायची भीती वाटते."

"ताई कशाला रागावतील?"

"रागावणार नाही रे. म्हणेल, काही नही व्हस. आणि या वेळी झालंय."

मी त्यांना घरी घेऊन गेलो आणि मुद्दाम थांबलो. ताई दारातच उजेडाला साडी घेऊन बसल्या होत्या. आम्हाला भर दुपारी परत आलेलं पाहून त्यांनी नुसती भुवई उंचावली. साडूभाऊ उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "माले बोटस्मा काही लागत नही." बोटांना काही जाणवत नाही.

ताईंनी खडा जागेवर दाबला. मग साडीला लावलेली सुई काढली, नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि तर्जनीच्या टोकाला सुई टोचली. साडूभाऊ तेव्हा माझ्याकडे पाहून सचिनची हकिकत सांगायला लागले होते. ते बोलतच राहिले. बोटावर रक्ताचा टपोरा थेंब आला, आणि ते बोलतच होते. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी तो थेंब पदरानं पुसला आणि तो हात, दोन्ही हातांत धरून, कितीतरी वेळ सोडला नाही. "काही नही व्हस," हे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी ते म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो.

डॉक्टरांनी साखर सांगितली. बरीच वाढलेली, आणि बरीच जुनी. ऐन हंगामात चलथाणच्या साखर कारखान्यात आटे दुरुस्त करायला जायचे आणि येताना पोटभर रस पिऊन यायचे, त्याची आठवण ताईंनी दवाखान्यातच सगळ्यांसमोर काढली. गोळ्या सुरू झाल्या, चहा फिका झाला. बोटांचं मात्र डॉक्टर काही नक्की सांगेनात. पुढे वाढू नये एवढं पाहू, म्हणाले. साडूभाऊंनी चेझरची पेटी पलंगाखाली सरकवली आणि ओट्यावर बसून राहू लागले. कुणी बोलवायला आलं तर घरात नाही म्हणून सांगायला लावायचे, आणि स्वतः ओट्यावरच बसलेले असायचे.

एक दिवस पलीकडच्या वस्तीतल्या एका मागवाल्यानं ताईंनाच गाठलं. मागाच्या सांगाड्यातल्या एका भोकाचे आटे बिघडले होते, बोल्ट धरत नव्हता; तेवढा एक जादाचा माग बंद होता, घाई नव्हती. ताई आत आल्या, पलंगाखालची पेटी ओढली आणि नवऱ्यासमोर आदळली. "माले दखाड."

"काय दाखवू?"

"हे कसं करस ते दखाड. माझी बोटं शाबूत आहेत ना?"

मग त्या घरात जी शाळा सुरू झाली तिला तोड नव्हती. गंजलेले जुने बोल्ट, जुने ठोकळे, तेलाची कुपी, आणि मास्तर-विद्यार्थिनी दोघंही एकमेकांवर डाफरताहेत. "जोर लावू नको, लोखंड आहे, पापड नाही!" "मग तुम्हीच लावा!" मी गेलो की मला पंच म्हणून बसवत. पण थोड्याच दिवसांत साडूभाऊंचं ओरडणं कमी झालं. मोहरीएवढा खडा अंधुक उजेडात सरळ बसवणाऱ्या त्या बोटांना चेझर तिरका गेलेला लगेच कळायचा. "आठे अडकस," ताई म्हणायच्या, इथं अडकतंय, आणि साडूभाऊ कान टवकारून ऐकायचे. त्या काय सांगतात याकडे त्यांचं इतकं लक्ष मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

मागवाल्याच्या त्या भोकासाठी आम्ही तिघं गेलो. मी कशाला गेलो, तर साडूभाऊंना धरायला दंड हवा होता. शेडमध्ये चार कारागीर हसले. ताईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते आपापल्या मागाकडे वळले. भोकातला कचरा त्यांनी काडीनं कोरून काढला, चेझर दोन बोटांत धरून सरळ उतरवला, अर्धा फेरा पुढे, जरासा मागे. साडूभाऊ तेलाची कुपी घेऊन वाकलेले, त्यांचा श्वास बंद, माझा दंड काळानिळा. त्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. ताईंचे डोळे मिटलेले होते. शेवटी त्यांनी बोल्ट लावला, हातानं तळापर्यंत फिरवला, पान्यानं आवळला आणि मानेनं खूण केली. माग सुरू झाला. आम्ही जरा वेळ पाहिलं. मग ताई पदर खोचून म्हणाल्या, "चला, स्वयंपाक पडलाय," आणि आम्ही बाहेर येऊन रिक्षात बसलो.

शेडच्या गल्लीच्या तोंडाशी जेमतेम पोचलो असू. ताई मध्ये बसलेल्या. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होत्या, पुसत होत्या, पुन्हा घासत होत्या.

"भाऊ, थांबव जरा," त्या रिक्षावाल्याला एकदम म्हणाल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"शेवटच्या फेऱ्याला काहीतरी लागलं होतं. कचरा असेल. नाहीतर..." त्या थांबल्या. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. "मागापाशी ते पोरं उभे आहेत."

"बरोबर बसलाय तो," साडूभाऊ म्हणाले. "मी बघितला ना."

"तुम्हाला कशावरून कळलं?" ताईंनी विचारलं. रागानं नव्हे. खरोखर विचारलं.

साडूभाऊंनी तेलाची कुपी या हातातून त्या हातात घेतली. ताई माझ्या गुडघ्यावरून पाय टाकून उतरल्या आणि भर उन्हात शेडच्या दिशेनं चालू लागल्या. चालता चालता पावलं भराभर पडू लागली. समोरून येणाऱ्या हातगाडीला वाट देण्यासाठी त्या कडेला झाल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि गाडी गेल्यावर जवळजवळ धावतच निघाल्या.

साडूभाऊ त्यांच्याकडे पाहत होते. "साडू," ते म्हणाले, "ती घाबरली रे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरीही, देवाशप्पथ, त्यांना सोबत मिळाल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी तेलाची कुपी छातीशी धरली, रिक्षाचा दांडा चाचपत खाली पाय टेकवला आणि तेही ताईंच्या मागे गेले.

"चलाववानुं के नही?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो. "येतीलच ती दोघं."